इन्स्पेक्टरची भूमिका

ती घटना आठवली की आजही आधी हसू येतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. राज्य पोलिसांतून मी केंद्राच्या अमली पदार्थविरोधी खात्यात नुकताच प्रतिनियुक्तीवर गेलो होतो. गुंगीच्या गोळ्यांचा एक मोठा पुरवठादार आमच्या हातून निसटला होता आणि त्याचा ठपका माझ्यावर येणार होता.

एक दिवस दुबईजवळच्या अजमानला राहणारे एक अकाउंटंट माझ्या ऑफिसात आले. सुट्टीवर मुंबईत असताना त्यांनी पेपरात आरोपीचा फोटो पाहिला होता.

"साहेब, हा आमच्या तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकात आहे. मी दिग्दर्शक."

"भूमिका कसली?"

ते ओशाळले. "पोलीस इन्स्पेक्टरची. पण साहेब, शुक्रवारी प्रयोग आहे. त्यानंतर पकडलंत तर...?"

रीतसर कागद गेले. तिथल्या पोलिसांनी त्याला प्रयोगाआधीच उचललं. मी दुबईत पोचलो तेव्हा तो निवांत चहा पीत होता. पासपोर्ट दुसऱ्याच नावाचा, पत्ता इंदूरचा. पूर्वी कधी अटक झालेली नसल्याने बोटांचे ठसे आमच्याकडे नव्हते, आणि पेपरातल्या अंधुक फोटोवर तिथे भागणार नव्हतं.

"मराठी नहीं आती साब. डायलॉग रटके बोलता हूं."

तिथले कॅप्टन सभ्य गृहस्थ होते, हिंदी छान बोलायचे. त्यांनी मला बाजूला घेतलं. "हबीबी, नमाजनंतर सोडावं लागेल. ओळख पटवा." सुटला असता तर तो पुन्हा सापडला नसता.

बाहेर बाकावर दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसले होते. त्यांना आरोपीची नव्हे, भूमिकेची काळजी होती. "बँकेतल्या एकाला उभा करतोय. दुसरं कोण आहे?"

मी त्यांना तसंच आत नेलं. म्हटलं, "हेच यांच्यासमोर बोला."

त्यांनी बँकवाल्याचं आरोपीला सांगितलं. वर म्हणाले, "तसाही तुझा तिसरा अंक पडतच होता."

आरोपीने कप आदळला. "पडत होता? आणि तो बँकवाला? त्याला 'श' म्हणता येत नाही! सांगलीच्या स्पर्धेत रौप्यपदक मिळवलंय मी!"

ते पदक झडतीच्या वेळी त्याच्या भावाच्या घरी, शोकेसमध्ये, मी स्वतः पाहिलं होतं. त्यावर नाव कोरलेलं होतं. मी ते नाव मोठ्याने उच्चारलं. आरोपीने झटकन माझ्याकडे वळून पाहिलं.

"क्या बोला?" कॅप्टनने विचारलं.

"अपना असली नाम."

"खलास!" कॅप्टन हसले.

पुढे काही महिन्यांनी तो आमच्या ताब्यात आला. विमानात माझ्या शेजारीच होता. त्याने विचारलं, "साहेब, प्रयोग कसा झाला?"

प्रयोग उत्तम रंगला होता. बँकवाल्याला दोनदा टाळ्या पडल्या होत्या.

"पडला," मी म्हणालो. "लोक तुमचं नाव काढत होते."

त्याचा चेहरा उजळला. मुंबई येईपर्यंत त्याने आपणहून, गोळ्या जिथे बनायच्या त्या बंद कारखान्याचा पत्ता सांगितला. तिथे माल मिळाला, साथीदार मिळाले, आणि मला बढती. पुढे दिल्लीत खात्याच्या वरच्या खुर्चीपर्यंत पोचलो, त्याची सुरुवात ही.

माणूस नाव बदलतो, गाव बदलतो, पण ज्याचा त्याला अभिमान असतो ते त्याला लपवता येत नाही. नवे अधिकारी तपासाचं विचारायला आले की मी सांगायचो, आरोपी कुणाला भितो ते नंतर शोधा. कुणी शाबासकी दिलेली त्याला आवडते, ते आधी पाहा.

माझ्या निरोपसमारंभात माझ्या तपासकौशल्याचं फार कौतुक झालं. मी शेवटच्या भाषणापर्यंत जागचा हललो नाही.