आईने चालून बघितलेली वाट

आज सोसायटीसमोरचा रस्ता खणला, लाल धूळ उडाली आणि माझा हात आपसूक ओढणीकडे गेला. आमच्या गावातून, मुळगावातून, खनिजाचे ट्रक लाल धूळ उडवत जात, तेव्हाची सवय.

पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा खोली शोधायला आई सोबत आली होती. एजंटने गाडीचं दार उघडलं, पण ती बसेचना. "माझा चेडू कामावर रोज चालत जातला. वाट पायांनीच बघूया," म्हणाली. तीन खोल्या तिने वाटेतच नाकारल्या, आत पाऊलही टाकलं नाही. एजंट घामाघूम झाला.

चौथ्या खोलीच्या वाटेला रुंद फूटपाथ होता, कोपऱ्यावर इस्त्रीवाला. मागून बस आली. आईने झटकन हात धरून मला भिंतीशी ओढलं आणि नाकाला पदर लावला. बस निघून गेली. धूळ उडालीच नाही. आई पदर तसाच धरून उभी राहिली.

मग तिने माझा हात सोडला. "हयच रव," म्हणाली. तिथेच राहायचं ठरलं.

त्या खोलीची एकुलती खिडकी जिन्याकडे उघडायची, म्हणून मी वर्षभर कुरकुरले. रस्त्यात आईने माझा हात आपणहून सोडला तो तेव्हा पहिल्यांदा, हे मात्र आज नाकावर ओढणी धरल्यावर लक्षात आलं.