मीटिंगच्या आधीचे मिनिट्स
बंद पडलेल्या कंपनीची माणसं एकत्र आली की किस्सेच निघतात, दुसरं उरतंय काय! नव्वदच्या दशकात शिरूरला आमची पत्र्याचे पार्ट बनवणारी कंपनी होती, मी तिथं टायपिस्ट. शेअर पब्लिकचे, बोर्ड मात्र चेअरमनच्या घरचं.

*

पुण्याहून बँकेचे साहेब आले. विचारलं, "तुमचे इंडिपेंडंट डायरेक्टर कोण?"

चेअरमननी मेव्हण्याकडं बोट दाखवलं. "हे. चूल वेगळी हाय त्यांची."

साहेबांनी तसं लिहून घेतलं. तेव्हा मी पदर तोंडात धरून हसले होते. आता हसू येत नाही.

*

चेअरमनच्या नात्यातले यवतचे एक आप्पा डायरेक्टर होते. बोर्डात बसले की डोळे मिटायचे. एकदा चेअरमन नुसतं म्हणाले, "जरा पंखा वाढवा."

आप्पा म्हणाले, "मंजूर."

*

पत्रा यायचा चेअरमनच्या सुनेच्या फर्मकडून. आमचे इन्स्पेक्टर दौंडचे हुसेनमामा, नुसता अंगठा फिरवून पत्र्याची जात सांगायचे. एक लॉट त्यांनी बाजूला काढला. "साहेब, प्रेसखाली चिरा पडत्यात."

"मामा, माल सूनबाईंचा हाय," चेअरमन म्हणाले.

"व्हय, पर चिरा पत्र्याला हायत."

मामांना डावलून त्याच लॉटचे पार्ट गिऱ्हाइकाकडं गेले. मामांनी तशी चिठ्ठी माझ्याकडून टाइप करून बोर्डाला दिली. पुढं सगळा माल परत आला, मोठं गिऱ्हाईक तुटलं.

*

मग बोर्डानं मामांना बोलावलं. आमच्याकडं मिनिट्स, म्हणजे सभेचं इतिवृत्त, आदल्या दिवशी टाइप व्हायचे आणि मीटिंग दुसऱ्या दिवशी. मीच टाइप केलं होतं: चूक इन्स्पेक्टरची, त्यांनी ती कबूल केली, सबब कामावरून कमी. मामांची पंधरा वर्षांची नोकरी. तरी टाइप केलं. त्याची लाज अजून वाटते.

मामा अर्धा तास बोलले. चिठ्ठीची कॉपी दाखवली, एकही गोष्ट कबूल केली नाही.

"झालं?" चेअरमन म्हणाले. "ताई, मिनिट्स वाचा."

मी वाचले. मामांनी कागद मागून घेतला, चष्मा लावला, शेवटच्या ओळीपर्यंत गेले.

"साहेब, ह्यात लिवलंय, चहापान होऊन सभा संपली."

"मग?"

"चहा आलाच न्हाई अजून. येवढं तरी खरं होऊ द्या."

चहा मागवला. मामांनी तो सावकाश, बशीत ओतून, पूर्ण प्यायला. बाकी कुणी कपाला हात लावला नाही.