पायाचा दोष

गाडी कुठेही अडली, की मास्तर आधी चालवणाऱ्याच्या पायाकडे बघायचे. एकतीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली. शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेकची एक जोडी होती, त्यामुळे शिकणाऱ्याचा पाय कधी घाबरतो, कधी झोपतो आणि कधी उगाच क्लचवर जाऊन बसतो, हे त्यांना न बघताही कळायचं, असं ते सांगत. गिअर खरखरला, पाय. इंजिन बंद पडलं, पाय. "यंत्राला घाबरता येत नाही, पायाला येतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे त्यांचं म्हणणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

बायकोला मात्र त्यांनी फार उशिरा शिकवलं. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होती आणि आयुष्यभर बसनं जायची, यायची. मग तिची थोरली बहीण, सगळे जिला अक्का म्हणतात, ती न्हाणीघरात पडली आणि अंथरुणाला खिळली. अक्का राहायची तासाभराच्या गावी, आणि तिथं जायला दोन बस बदलाव्या लागत. तेव्हा एक्कावन्नाव्या वर्षी ही बाई म्हणाली, "मला गाडी शिकवा." शिकली, पहिल्याच झटक्यात परीक्षा पास झाली, आणि नवीकोरी गाडी घेतल्यापासून तिनं एक रविवार चुकवला नाही. अक्काचे केस विंचरायचे, नखं कापायची आणि आठवड्याचं सगळं बोलून घ्यायचं. दोघी बहिणी बोलायला बसल्या की भिंतींनाही कंटाळा यावा.

गाडीला वर्ष होतं न होतं तोच तिनं तक्रार सुरू केली.

"अहो, क्लच दाबला की पेडल खालीच राहतं. पाय काढला तरी वर येत नाही."

"टाच जमिनीला टेकव. पाय क्लचवर ठेवून चालवायची सवय लागलीय तुला."

"दर वेळी नाही होत. अर्धा-पाऊण तास चालवल्यावर होतं, गर्दीत जास्त. मी बघितलंय ना."

मास्तरांनी सकाळी गल्लीत दोन चकरा मारल्या. पेडल लोण्यासारखं वर-खाली होत होतं. "माझ्या पायाखाली कसं नाही राहत मग?" असं विचारून त्यांनी विषय मिटवला. तिनं चपला बदलल्या, सीट पुढे घेतली, टाच टेकवून चालवायला लागली. चार-सहा महिन्यांत तक्रार पुन्हा आली, आणि पुन्हा तेच उत्तर. पालथ्या घड्यावर पाणी. पुढे तिनं ब्रही काढला नाही.

मग तो रविवार आला. मास्तर त्या दिवशी सहज म्हणून तिच्याबरोबर निघाले होते. बाजारातल्या गर्दीत अर्धा-पाऊण तास गेला, आणि गावाबाहेर पडायच्या मोठ्या चौकात सिग्नल सुटला तरी गाडी जागची हलेना. इंजिन नुसतंच गुरगुरत राहिलं. मागून हॉर्नचा गोंगाट सुरू झाला. मागच्याच गाडीत मास्तरांची जुनी विद्यार्थीण होती, ती मान वाकडी करून बघत होती, आणि तेच त्यांना झोंबलं.

"पाय काढ! अगं, पाय आहे की खांब? काढ म्हणतोय ना!"

"पाय वरच आहे," ती म्हणाली.

एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पायाकडे बघणाऱ्या माणसानं तेव्हा खाली बघितलंच नाही. ते ओरडत राहिले. खिडकीची काच खाली होती, सगळ्यांना ऐकू जात होतं. तिनं किल्ली तशीच लावून ठेवली, दार उघडलं, आणि गाड्यांमधून वाट काढत ती पलीकडच्या फुटपाथवर गेली. मास्तर सरकून तिच्या जागी बसले तोवर पेडल आपसूक वर आलं होतं.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं मास्तरांना कधीकधी वाटे. चहा वेळेवर येई. दूध आणायचंय का, नळ आला का, एवढं बोलणं होई. पाच रविवार गेले. ती अक्काकडे गेली नाही, गाडीकडे तिनं पाहिलं नाही, आणि अक्काचा फोन आला की "जरा बरं नाही" म्हणून ती लवकर ठेवायची. मास्तरांना वाईट वाटायला हवं होतं. ते त्यांना कळत होतं, पण वाटत काहीच नव्हतं. फार वेळ मांडी घालून बसल्यावर पाय आपला असूनही आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळं झालं होतं. ते शिकवायला जात, जेवत, झोपत.

सहाव्या आठवड्यात ते गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. पाय क्लचवर ठेवून हिनं क्लचप्लेट जाळली असणार, बदलून टाकू, असा त्यांचा हिशेब. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म दिला. मास्तर खोटं बोलणाऱ्यातले नव्हेत. तक्रारीच्या रकान्यात त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: चालकाला क्लचवर पाय ठेवण्याची सवय.

मुलीनं ते वाचून त्यांच्याकडे बघितलं. "काका, असं लिहिलंत तर वॉरंटीत काहीच बसणार नाही. चालवणाऱ्याच्या सवयीनं झिजलेलं आम्ही धरत नाही."

"खरं आहे तेच लिहिलंय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मुख्य मेकॅनिक मास्तरांचाच विद्यार्थी, परीक्षेत दोनदा आपटलेला. त्यानं फॉर्म वाचला, गाडीत बसला, हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन एक आचका देऊन जागच्या जागी बंद पडलं.

"मास्तर, प्लेट ठणठणीत आहे. जळलेली असती तर घसरली असती आणि इंजिन चालू राहिलं असतं. क्लचवर पाय ठेवणाऱ्याची गाडी नाही ही. कोण चालवतं?"

"बायको."

"नेमकं काय होतं, कधी होतं?"

"अर्ध्या-पाऊण तासानं..." मास्तर अडखळले. "मी स्वतः नाही बघितलं."

"मग ज्यांनी बघितलंय त्यांना आणा."

घरी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. वर्कशॉपमध्ये तुला बोलावलंय, असं मास्तरांनी सांगितलं. "कशाला? पाय दाखवायला?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, तेच अवघड होतं. हातातली घडी पुरी करून ती निघाली.

मेकॅनिक तिच्या शेजारी बसला आणि मास्तर मागे. आयुष्यात पहिल्यांदा ते चालत्या गाडीत मागे बसले होते. ती मेकॅनिकला सांगत होती: थंड गाडीत कधीच नाही, दुपारी जास्त, गर्दीत सारखा क्लच दाबावा लागला की हमखास, आणि थोडं थांबलं की आपोआप वर येतं. लॅबमधली बाई ती, तिचं सांगणं मोजूनमापून. मेकॅनिक मध्ये एक शब्द न बोलता ऐकत होता. यातलं प्रत्येक वाक्य मास्तरांनी आधी ऐकलेलं होतं. ऐकलं होतं म्हणजे कानावर पडलं होतं.

अडतिसाव्या मिनिटाला, बाजारातल्या गर्दीत, गाडी तशीच गुरगुरत उभी राहिली. तिनं डावा पाय उचलून हवेत धरला. मेकॅनिक वाकला, खाली चिकटलेलं पेडल त्यानं दोन बोटांनी वर ओढलं.

"क्लचच्या सिलेंडरचं रबर गरम झालं की फुगतं. मग तेल परत फिरत नाही आणि पेडल खालीच राहतं. भागच सदोष आलाय, कंपनी बदलून देईल. ताई, तुमचा काही दोष नाही. पण इतके दिवस थांबलात कशाला?"

तिनं गाडी वर्कशॉपकडे वळवली. काउंटरवर नवा फॉर्म भरला गेला. चालकाचा दोष या शब्दांपुढे मास्तरांनी 'नाही' असं लिहिलं आणि सही केली. आता तरी लाज वाटेल, म्हणून त्यांनी थोडा वेळ वाट बघितली. काही वाटलं नाही.

परतताना बसमध्ये ते म्हणाले, "माझं चुकलं."

ती खिडकीबाहेर बघत होती. "मलाही वाटायला लागलं होतं, की माझाच पाय असेल," ती म्हणाली.

चार दिवसांनी गाडी दुरुस्त होऊन आली, छदाम न घेता. रविवारी सकाळी तिनं अक्कासाठी कंगवा, तेलाची बाटली पिशवीत घातली आणि किल्ली घेतली. मास्तर बूट घालून दारात उभे होते.

"मी येऊ?"

"नको."

पूर्वी पोचल्यावर ती फोन करायची. अकरा वाजले, बारा वाजले. मास्तरांनी शेवटी अक्कालाच फोन लावला.

"अहो भावोजी, ती कधीच पोचली!" अक्काचा आवाज खणखणीत होता. "आल्यापासून त्या सिलेंडरचंच पुराण चाललंय. कधी अडकायचं, कसं अडकायचं, पाय कसा वर धरून दाखवला. माझे केस अर्धे विंचरलेत अजून. मला तर आता पाठ झालं! तुम्हाला घरात दहा वेळा सांगून झालं असेल नाही का?"

मागून बायकोचं हसू ऐकू आलं. सहा आठवड्यांत मास्तरांनी ते ऐकलं नव्हतं. आपल्याला रडू येईल असं त्यांना वाटलं, पण आलं नाही.

"हो अक्का," ते म्हणाले. "मला तिनं सगळ्यांत आधी सांगितलं होतं."