चिरनेरच्या स्मारकावरची बाई

आम्ही जर्मनीत राहतो. यंदा सुट्टीत नवीन पनवेलला आईकडे आलो, तेव्हा लेकीला इथला इतिहास एका दिवसात दाखवायचा, असं मी ठरवलं. कर्नाळा किल्ला चढून उतरेपर्यंतच पायांचे तुकडे पडले. चिरनेरला पोचलो तेव्हा बायको गाडीतून उतरलीसुद्धा नाही.

जंगल सत्याग्रहात गोळी लागून गेलेल्यांचं तिथं स्मारक आहे. एक म्हातारी ओल्या फडक्यानं त्यावरची नावं पुसत होती. तिला घाई अजिबात नव्हती. प्रत्येक अक्षराच्या खाचेतून ती फडक्याचं टोक फिरवायची, मग कमरेवर हात ठेवून दम खायची. मी भराभर फोटो काढले आणि "चला" म्हणालो.

लेक हलली नाही. "बाबा, मला हे वाचताच येत नाही," ती रडवेली होऊन म्हणाली.

म्हातारीनं ते ऐकलं. "मला पन नाय येत, बाय. पन कंचं नाव कोनाचं, ते हाताला म्हाईत हाय."

तिनं लेकीचं बोट धरून एका नावावरून फिरवलं. "ह्यो आमच्या आळीतला. घरी तान्हं पोर होतं." मग खालच्या नावावर नेलं. लेक उकिडवी बसून ऐकत राहिली.

मला सगळी अक्षरं येत होती. एवढ्या वेळात मी त्यातलं एकही नाव वाचलं नव्हतं. फोन खिशात टाकून मी लेकीशेजारी खाली बसलो.