कमळाताईंची धायटी

लांज्याच्या पुढे, आमच्या वाडीच्या कडेला कमळाताईंची काजूची बाग आहे. त्यांचा निलेश माझ्या वर्गात होता. मुंबईला नोकरीला जाताना तो सातेरी मधमाश्यांची एक पेटी आईच्या हवाली करून गेला. काजूच्या मोहोरावर माश्यांचं छान चाले. मोहोर सरला, की शिमग्याच्या सुमारास उपाशी माश्या पेटी सोडून जात. दोन वर्षं असंच झालं. रिकामी पेटी ताई रोज झाडत असत.

मग त्यांनी सड्यावर, कातळाच्या माळावर वाढणारी लाल फुलांची धायटी हेरली. ती माघापासून चैत्रापर्यंत फुलते. बी अगदी भुकटीसारखं. पहिल्यांदा त्यांनी ते मातीआड पेरलं. एकही रोप आलं नाही. पुढच्या खेपेला राखेत मिसळून नुसतं वर भुरभुरलं. बागेच्या दगडी गडग्याच्या कडेने साठेक झुडपं धरली आणि तिसऱ्या वर्षी कळ्या आल्या. निलेशने नव्या माश्या आणून दिल्या.

गेल्या माघात ताई लांज्याच्या बाजारात गेल्या होत्या. इकडे धाकटे दीर भागोजी कोयता घेऊन आले. भाताची रोपं करायच्या जागी जाळायला फांद्या तोडून वाळवायच्या, ही दर वर्षीची रीत. आणि गडग्याकडेची झुडपं कोणाची, हे कधी कोणी विचारत नाही. ताई परतल्या तेव्हा निम्मी रांग आडवी झाली होती.

“भावोजी, थांबा.”

“वैनी, रानातली झुडपं ती. तोडायची नाय तर काय पुजायची?”

“मी लावलीत.”

भागोजी हसले. “धायटी कोण लावतं? उद्या रानमोडीचं तण लावाल.”

ताईंनी जमिनीवर बोट दाखवलं. तोडलेल्या फांद्यांवरच्या चार उमललेल्या फुलांवर माश्या अजून बसत होत्या.

“ही सुकली की ह्यांनी कुठं जायचं?”

भागोजींनी कोयता कमरेला अडकवला. जाळायला कमी पडलं ते त्यांनी वाळक्या पानांचा पातेरा गोळा करून भागवलं.

उरलेल्या झुडपांवर माश्या कशाबशा तगल्या. ताईंनी पोळ्याला हात लावला नाही. “ह्या वर्षी मध त्यांचाच,” म्हणाल्या. पाडवा झाला, चैत्र सरला, तरी पेटीच्या तोंडाशी ये-जा चालूच होती.

तोडलेली धायटी बुंध्यातून दाट फुटली. यंदा माघात गडग्यापलीकडून भागोजींची हाक ऐकू आली, “वैनी, जरा बाहेर या. कंची तोडायची नाय, ती दाखवा.”