उठवलं, बसवलं

“आवळा अजून, म्याडम.”

मांडीला पट्टी बांधून मी पंपाने हवा भरू लागले की मावशींचं हे ठरलेलं. मी म्हणायची, “बास, एवढंच.” मग त्या बाकावरच्या पेशंटांकडे बघून मान हलवायच्या, जणू मी मापात मारतेय. “भारा आसा ढिला बांधला, तर बांधापतुर बी जायचा न्हाई.”

भोरला मेडिकलच्या दुकानावरच्या एका खोलीत माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. तुम्ही कधी अशा ठिकाणी बसला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, इथे बरं होण्याआधी माणसं कंटाळतात. तीन दिवस येतात, चौथ्या दिवशी गायब. पंधरा वर्षं हे बघून मीही कंटाळले आहे, खोटं कशाला बोलू? मावशी मात्र वेल्ह्याकडच्या गावातून, कापूरहोळला गाडी बदलून, आठवड्यातून तीनदा यायच्या. साठीच्या, काटकुळ्या. उजव्या गुडघ्याची वाटी फुटून ऑपरेशन झालेलं आणि दोन महिने पाय सरळ ठेवून मांडी पार वाळलेली.

वाळलेला स्नायू भरून यायचा तर त्याला वजन उचलायला लावावं लागतं. पण नुकत्या जुळलेल्या वाटीला जड वजन सोसत नाही. म्हणून ही पट्टी. मांडीच्या वरच्या अंगाला ती बांधून रक्ताचं येणं-जाणं जरा कमी करायचं आणि पायाला हलकंच वजन लावून तो वरखाली करायचा. तशात स्नायू लवकर दमतो. दमला की त्याला वाटतं, आपण मोठंच काहीतरी उचललंय, आणि तो वाढायला लागतो.

“म्हंजी फसवायचं की त्येला,” मावशी म्हणाल्या. इतक्या थोडक्यात मला हे कॉलेजातही कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी एक किलोची वाळूची पिशवी बघून त्या हसल्या होत्या. “येवढी तर आमची मांजर आसंल.” पण तिसाव्या वेळेला मांजरही जड झालं, आणि हसणं थांबलं.

त्या आकडे मोजत नसत. पाय वर गेला की “उठवलं”, खाली आला की “बसवलं”. पाच-सहा दिवस मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, “मावशी, पाय उचलला म्हणतात.”

“पाय न्हाई वो. मालक.”

मालक म्हणजे त्यांचे यजमान. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं. उठवणं, बसवणं, संडासला नेणं, सगळं मावशीच करायच्या. एका सकाळी उचलताना दोघंही ओट्यावरून पडले. मालक वर, मावशी खाली. “त्येंला खरचटलं बी न्हाई,” हे त्या मोठ्या अभिमानाने सांगायच्या.

तूर्त धाकटी जाऊ मालकांचं बघत होती, पण तिचीही कंबर धरली होती. पुण्याला कंपनीत असलेल्या मुलाने सांगून ठेवलं होतं, “दिवाळीपर्यंत तुला अण्णांना उचलता आलं तर ठीक. नाहीतर मी त्यांना इकडं आजारी म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेवतो.” मुलगा वाईट नव्हता. एका खोलीच्या घरात तो बापाला कुठे निजवणार होता?

दर सोमवारी मी टेपने दोन्ही मांड्या मोजायची. सेंटीमीटर मावशींना मान्य नव्हते.

“किती ऱ्हायलं?”

“दोन बोटं.”

दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती आणि दोन बोटांना पंधरा दिवस पुरत नाहीत. तिसऱ्या फेरीला मांडी थरथरायची, ओठ पांढरे पडायचे. मी म्हणायची, थांबूया. “मालकांस्नी मदीच सोडू व्हय?” असं म्हणून त्या पुन्हा पाय उचलायच्या. पट्टी घरी न्यायला मागायच्या, ती मी कधी दिली नाही.

मग मुलाचा फोन आला. “मॅडम, खरं सांगा. आईला जमंल का?” मावशी समोरच वजन बांधून बसल्या होत्या. मी गॅलरीत गेले आणि खरं सांगितलं. अजून दीड महिना तरी नको, वाटी पुन्हा फुटेल. दोनच वाक्यं. दोन्ही बरोबर होती, आणि आजही मला ती परत घ्यावीशी वाटतात.

भाऊबीज झाली आणि गाडी येऊन मालकांना घेऊन गेली.

आता मावशी येणार नाहीत असं मी धरून चालले होते. सोमवारी त्या दारात. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, “वजान वाढवा.” मी वाढवलं. दोन किलो, मग चार. पुढे पट्टीची गरज उरली नाही, खुर्चीवरून उठबस सुरू झाली, मग जमिनीवरून. थंडी सरता सरता टेप दोन्ही मांड्यांवर सारखी आली.

त्या दिवशी त्या म्हणाल्या, “म्याडम, झोपा हितं.”

“मावशी, काहीतरीच काय!”

“झोपा म्हंती ना.”

माझं वजन अडुसष्ट किलो. बाकावरचे पेशंट टक लावून बघत असताना मी निमूट झोपले. त्यांनी माझा हात आपल्या मानेभोवती घेतला, काखेखाली हात घातला, गुडघे वाकवले, आणि मी बसलेली होते. मग उभी. त्यांच्या लुगड्याला चुलीचा वास होता. मला इतकं सांभाळून कुणी उठवल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे! मला रडू आलं.

“आता लावा फोन पोराला,” त्या म्हणाल्या. “त्या दिशी ग्यालरीत सांगितलंसा, तसंच खरं सांगा.”

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं.

मी स्पीकरवर फोन लावला. आता आईला जमतंय, असं सांगितलं. मुलगा म्हणाला, “मॅडम, अण्णा हितं रुळलेत आता. आई परत पडली तर मी कुणाकडं बघू?” त्याचंही खरंच होतं. मावशींनी चपला घातल्या, “येते” म्हणाल्या. पुढच्या सोमवारी त्या आल्या नाहीत, त्यानंतरही नाहीत.

महिनाभराने न राहवून मीच मुलाला फोन केला.

“आई? ती संस्थेतच राहिलीय, मॅडम. अण्णांना भेटाय म्हणून गेली. तिथली एक बाई काम सोडून गेलेली. आईनं एकाला उचलून दाखवलं, त्यांनी ठेवून घेतली. अण्णा धरून सहा जणांना उठवती रोज.”

“सहा?” मी ओरडलेच. “अहो, मी तो पाय एका माणसासाठी तयार केला होता!”

“म्या बी तेच म्हटलं,” तो म्हणाला. “तर म्हणती, बाकीची पाच जणं मालकांपरीस हलकी हायेत.”