वळच्या शिमग्यात अस्वल होऊन

होळीच्या दिवशी सकाळी सिन्नरच्या स्टँडवर एसटीत बसले, तेव्हा चार वर्षांनी माहेरच्या गावाला निघाले होते. बोलावणं कुणाचंच नव्हतं. भिवंडीजवळचं वळ हे माझं गाव. तिथे माझा सख्खा मोठा भाऊ राहतो, काशीनाथ. मी त्याला दादा म्हणते, आणि दादा माझ्याशी चार वर्षं बोललेला नाही. त्याला बोलतं करायला मी निघाले होते. त्यासाठी माझ्याकडे आता एकच उपाय उरला होता, तो म्हणजे अस्वल व्हायचं. हसू नका. आधी आमच्याकडच्या शिमग्याची रीत ऐका, मग हवं तेवढं हसा.

माझ्या लहानपणी, म्हणजे ऐंशी-एक्याऐंशी सालच्या सुमाराला, हावली (होळी) आमच्या गावात पंधरा दिवस आधीच सुरू व्हायची. आम्ही पोरंपोरी लाकडं चोरायचो. कुणाची मोडकी बाज, कुणाच्या गोठ्याचं दार. खवीस येतोय म्हणून एकमेकांना घाबरवायचो आणि स्वतःच जास्त घाबरायचो. होळी पेटली की दुसऱ्या दिवशी सोंगं निघायची. कुणी म्हातारी, कुणी भूत, कुणी वाघ, कुणी अस्वल. तोंडाला काजळी, अंगाला बारदान (गोणपाट), डोक्याला सुपाचा तुकडा. सोंग दारात येऊन मुकं उभं राहायचं. त्यानं तोंडातून अवाक्षर काढायचं नाही आणि पायात काही घालायचं नाही. घरधनी बाहेर येऊन त्याचे पाय बघायचा. अख्खं गाव वर्षभर चिखलात अनवाणी, त्यामुळे तोंड झाकलं तरी पाय ओळखू यायचे. ओळखून नाव घेतलं, की सोंगाला घरात न्यायचं, पाटावर बसवायचं, वडे वाढायचे. नाही ओळखलं, तर साखरेची गाठी हातावर ठेवून म्हणायचं, "वलखत न्हाय, म्होरं जा."

यात एक मेख होती. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्या दारात सोंग घेऊन गेलात आणि त्यानं तुमचं नाव घेतलं, की भांडण संपलं. मग कुणी काय म्हटलं होतं, याचा उच्चार पुन्हा करायचा नाही. माझे बाबा आणि धाकटे काका बांधावरून तीन वर्षं बोलत नव्हते. त्या शिमग्याला काका म्हातारीचं सोंग घेऊन आमच्या दारात उभे राहिले. बाबांनी पाय बघितले आणि हाक मारली, "आयलास का रं, गनपत?" काका तिथेच रडायला लागले. मी दहा वर्षांची होते. जगात कसलंही भांडण झालं तरी ते असं मिटतं, अशी माझी तेव्हा खात्रीच झाली.

आता आमचं भांडण. बाबा गेल्यावर आमचं भातशेत गोदामासाठी विकायचं दादानं ठरवलं. मी सही द्यायला नकार दिला, आणि तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. दलालासमोर, चार शेजाऱ्यांसमोर मी दादाला म्हणाले, "आज शेत विकतोस, उद्या बापाची हाडं विकशील." दादाचा चेहरा पांढरा पडला. म्हणाला, "आजपासून मला बहीन न्हाय." पुढे महिन्याभरात मी सही करून पाठवली, माफीचं पत्रही घातलं. सही पोचली. पत्राला उत्तर आलं नाही. दर वर्षी राखीचं पाकीट न फोडता परत येतं. माझी जीभ म्हणजे कोयता आहे, असं आई म्हणायची. तिचं ऐकलं असतं तर!

कसारा घाटाच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. तास-दीड तास सगळे पळसाखाली उभे. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी शेंगदाण्याचा लाडू दिला आणि विचारलं, "शिमग्याला माहेरी का?" मी हो म्हटलं. "नशीबवान गं बाई," त्या म्हणाल्या. मी लाडू खात राहिले.

भिवंडीत उतरले तर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं, आवाज नव्हता. एरवी या गावात रात्रंदिवस कापड विणणाऱ्या लूमची खटखट चालू असते, स्टँडवर बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. होळीची सुट्टी, त्यामुळे कारखाने बंद. निम्मे कामगार मुलुखाला गेलेले, उरलेले टपऱ्यांपाशी चहा पीत बसलेले. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "वळ. चिंचेपाशी सोडा."

"कौन सी चिंच, बहनजी? कंपाउंड बोलो, गोदाम नंबर बोलो."

मला ना कंपाउंड माहीत, ना नंबर. ज्या गावात जन्मले त्या गावाचा पत्ता मला सांगता येईना. त्या भल्या माणसानं मला वळच्या शेजारच्या दापोडे गावापर्यंत नेलं, दोन ठिकाणी चौकशी केली, आणि शेवटी एका निळ्या पत्र्याच्या गोदामापाशी उतरवलं. "यहीं से चालू होता है वळ." दोन्ही बाजूंना पत्रे, मध्ये ट्रकची रांग. ज्या शेतात आम्ही होळीसाठी पेंढ्या पळवायचो ते यातलं नेमकं कुठलं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

उतरले नलूकडे. नलू माझी शाळेतली मैत्रीण, बुद्धवाड्यात राहते, भिवंडीत एका दवाखान्यात नर्स आहे. माझा बेत ऐकून तिनं कपाळावर हात मारला.

"यमे, येडी झालीस काय? आता सोंगं कोन काढतंय? पोरं बेंजोवाले आनतात, स्पीकर लावतात. वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन फिरतात. लाकडं पन वखारीतून टेंपोनं येतात."

"चोरत नाहीत?"

"चोरतील कशी? सगलीकडं वॉचमन हायत."

"दादा ओळखेल गं," मी म्हटलं. "आणि ओळखलं तर नाव घ्यावंच लागेल. रीत आहे."

नलूनं चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाली, "रीत तुला म्हायती हाय. त्याला पन म्हायती हाय. म्हनून तर मला भ्या वाटतंय."

संध्याकाळी होळी पेटली. लाकडं एकसारखी कापलेली, नीट रचलेली. कुणाचंही दार त्यात नव्हतं. बोंब मारायला मी तोंडावर हात नेला, पण स्पीकरपुढे माझी बोंब मलाच ऐकू आली नाही. गाणं कुठल्या भाषेतलं होतं देव जाणे. लांबून दादा दिसला, पांढऱ्या सफारीत, नारळ टाकताना. जाड झालाय. मी नलूच्या मागे लपले आणि माझा मलाच राग आला.

सकाळी अस्वलाची तयारी सुरू केली तर पेंढाच नाही. वळमध्ये आता कुणी भात लावत नाही, मग पेंढा येणार कुठून! शेवटी नलूच्या नवऱ्यानं एका गोदामातून तो पैदा केला. काचेच्या बरण्या ज्या पेट्यांत येतात त्यात भरलेला पेंढा, कुठल्या परमुलखातल्या शेतातला कोण जाणे. तो अंगावर सुतळीनं बांधला, वरून बारदान, तोंडाला तव्याची काजळी. नलूनं आरसा दाखवला. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो, आणि हसता हसता नलूचे डोळे भरले. "जा," ती म्हणाली, "पन मनात काय धरू नको."

अनवाणी निघाले. पूर्वी मऊ धूळ होती, आता काँक्रीट. सकाळी दहालाच तळपाय भाजत होते. रंगानं माखलेली पोरं पिचकाऱ्या घेऊन फिरत होती. मला बघून एकानं विचारलं, "आंटी, कसली जाहिरात हाय?" वाटेत एकाही दारात दुसरं सोंग दिसलं नाही. अख्ख्या गावात मी एकटीच अस्वल.

दादाचं घर आता दुमजली, लोखंडी गेटचं. वॉचमननं काठी आडवी धरली.

"ऐ, क्या है? कहाँ घुस रही है?"

मी बोलू शकत नव्हते. सोंगानं बोलायचं नसतं. मी आत बोट दाखवत राहिले. तो मला ढकलणार तेवढ्यात ओट्यावरून वहिनीचा आवाज आला. "अरे, रुको, रुको! सोंग हाय त्ये! अवो, आयलात का भायेर? आपल्या दारात सोंग आयलाय, बगा तरी! किती वर्सांनी!" तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. काय सांगू, त्या आवाजानं मला वाटलं, जमलं!

दादा बाहेर आला. हातात चहाचा कप होता. आधी हसला, बाबा हसायचे तसाच. "कोन रं बाबा तू?" म्हणत ओट्याच्या दोन पायऱ्या उतरला आणि रीतीप्रमाणे खाली बघितलं.

माझ्या डाव्या पायावर भाजल्याचा डाग आहे, करंगळीपासून घोट्यापर्यंत. सात वर्षांची असताना दादाचा हात धरून मी होळीच्या निखाऱ्यांवरून उडी मारली होती. तो पार झाला, मी पडले. महिनाभर मला पाठुंगळीला घेऊन तो शाळेत नेत होता. पायाच्या त्या डागाकडे तो बघत राहिला. चहाचा कप त्यानं न पिताच पायरीवर ठेवला.

वहिनीनंही बघितलं. "अवो! ही तं आपली य..."

"गप," दादा म्हणाला.

मी त्याच्याकडे बघत होते. मला ओरडावंसं वाटत होतं, दादा, एकदा नाव घे, यमे म्हण, शिवी दे, काहीही म्हण. पण ओरडले असते तर सोंग मोडलं असतं, आणि मोडलेल्या सोंगाला कुणी काही देणं लागत नाही. त्यानं वर माझ्या डोळ्यांत बघितलं. ओळख नसलेल्या माणसाकडे कुणी असं बघत नाही.

"वलखत न्हाय," तो म्हणाला. हळू, पण स्पष्ट. "हिला गाठी दे. म्होरं जा."

वहिनीनं गाठी आणली. माझ्या तळहातावर गाठी ठेवताना तिनं माझी बोटं दाबली. दादा पाठ फिरवून आत गेला. मी मागे वळून गेटबाहेर पडले. वॉचमननं यावेळी अदबीनं गेट उघडलं.

सोंग गावाच्या शिवेबाहेर जाऊन उतरवायचं असतं. मी शीव शोधत चालत राहिले. वळचे पत्रे कुठे संपतात आणि दापोड्याचे कुठे सुरू होतात, काही कळेना. गोदामाच्या सावलीत बसलेल्या एका हमालानं मला पाणी दिलं. "किसको ढूँढ रही हो, दीदी?" मी मान हलवली. मग त्याच्याच समोर फळीवर बसून बारदान सोडलं, आणि पेंढ्यासकट तिथेच रडले. त्या बिचाऱ्यानं दुसरीकडे तोंड केलं.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी सगळ्यांना दोष देऊन बघितला. गोदामांना, स्पीकरना, जमिनी घेणाऱ्यांना, विकणाऱ्यांना. आमचा शिमगा त्यांनी संपवला, असं म्हणून मन हलकं करायला गेले. ते खोटं होतं. रीत संपली असती तर दादानं खाली बघितलंच नसतं. त्यानं रीत अगदी जशीच्या तशी पाळली, शब्दही तेच वापरले. मला बाहेर ठेवायला त्याला तेवढी रीत पुरली. बाबांचं आणि काकांचं भांडण सोंगानं मिटलं नव्हतं, ते बाबांना मिटवायचं होतं म्हणून मिटलं. हे मला दहाव्या वर्षी कळलं नाही, सत्ताविसाव्या वर्षी भर उन्हात कळलं. आता मला माहेर नाही. लिहायलाही हात जड होतो, पण नाही.

सिन्नरला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. सासूबाई ओट्यावर वाटच बघत होत्या. माझ्या हातातली पिशवी घेत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मग? ओळखलं का भावानं?"

ओळखलं म्हटलं असतं, तर पुढचं सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "नाही ओळखलं."

"अगं, मग त्यात त्याचा काय दोष?" त्या कळवळून म्हणाल्या. माझ्या कानामागे राहिलेली काजळी पदरानं पुसायला लागल्या. "एवढं काळं केल्यावर कोण ओळखेल? पुढच्या शिमग्याला थोडं कमी रंगव, म्हणजे बरोबर हाक मारेल बघ."

मी हो म्हणाले.